शेड ठरलेली नसताना रंगकामाचा भाव कसा सांगायचा

नवीन पोरं नेहमी विचारतात म्हणून लिहितोय. मी आधी दुसऱ्याच्या हाताखाली रोलर मारायचो, मग गोव्यात डिचोलीत स्वतःची कामं घ्यायला लागलो. पहिलंच मोठं काम पेडण्याच्या बाजूला, चिऱ्यांचं जुनं घर, चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलेली. वहिनी म्हणाल्या, कलर मागीर बघूया रे, आधी टोटल किती ते सांग. आणि मी शहाणा, टेपसुद्धा न लावता उभ्या उभ्या आकडा सांगून मोकळा, डोक्यात ऑफव्हाइट धरून. आठ दिवसांनी त्यांनी हॉलला गडद लाल आणि बलकांवाला (दारापुढच्या ओसरीला) हळदीसारखा पिवळा काढला.

इथेच मार बसतो. गडद शेड साध्या पांढऱ्या बेसमध्ये (ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग) होत नाही, त्याचा बेस वेगळा, वरून मशीनमधून टिंटर (शेड आणणारं रंगद्रव्य) जास्त पडतो, त्यामुळे तोच ब्रँड, तीच क्वालिटी असूनही डबा महाग. शिवाय लाल-पिवळा झाकत नाही, दोन कोट मारून ट्यूब लावली की रोलरचे पट्टे दिसतात. हिशोब बघा, 1200 चौरस फूट भिंत, चांगलं इमल्शन (भिंतीचा पाण्यातला रंग) दोन कोटांत लिटरला साधारण 130 फूट जातं, म्हणजे नऊएक लिटर, आणि तिसरा कोट आला की अजून चार-साडेचार लिटर, वर माणसांची हजेरी वेगळीच. ते सगळं माझ्या खिशातून गेलं, कारण वहिनींचं काय चुकलं, मी टोटल सांगितली होती ना!

तेव्हापासून मी भाव दोन भागांत वेगळा करूनच देतो. खरवडणं, भेगा भरणं, पुट्टी, प्रायमर आणि दोन कोटांची मजुरी याला शेडशी घेणंदेणं नाही, ते मोजमाप घेऊन पहिल्याच दिवशी पक्कं करून टाकायचं (दार-खिडकी वजा करणार की नाही तेपण तेव्हाच बोला, नंतर त्यावरून भांडण होतं). रंगाचे मात्र तीन आकडे, लाइट, मिडियम, डार्क. आकडे अंदाजाने टाकू नका, दुकानात जाऊन प्रत्येकातले दोन-तीन शेड कोड देऊन कॉम्प्युटरवर डब्याची किंमत काढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि कोटेशनवर लिहा: दोन कोट, घरात तीन शेडपर्यंत, वरचा कोट लागला तर फुटाला इतके. लाल असेल तर खाली राखाडी कोट मारला की एखादा कोट वाचू शकतो, पण तोपण कोटच आहे, फुकट नाही.

शेडची संख्या लोक विसरतात. पाच खोल्यांना पाच रंग म्हटलं की प्रत्येकाचा डबा वेगळा फुटणार, प्रत्येकात थोडा उरणार, आणि टिंट केलेला डबा दुकानदार परत घेत नाही.

फोनवर पाठवलेल्या फोटोवर शेड कधीच फायनल करू नका, स्क्रीनवरचा पिस्ता भिंतीवर हॉस्पिटल होतो. एक लिटर बनवून दोन भिंतींवर पॅच मारा, दिवसा दाखवा, रात्री लाइटखाली दाखवा, मग कोड लिहून सही घ्या. सॅम्पलचे पैसे दोन शेडपर्यंत मी माझ्याकडे धरतो, तिसऱ्यापासून गिऱ्हाइकाचे. एका दादांनी अकरा पॅच मारून घेतले आणि शेवटी घराला होता तोच क्रीम ठेवला, तेव्हापासून हा नियम.

तारीख पण लिहा. आपल्याकडे पावसात भिंत ओली, पुट्टी वाळायला वेळ लागतो, आणि चवथीच्या आधी प्रत्येकाला घर रंगवून हवं असतं. मी सांगतो, प्रायमर मारायच्या आधी शेड द्या, उशीर झाला तर माणसं दुसऱ्या साइटवर जाणार आणि तुमचं काम चवथीनंतर. कडक वाटतं बोलायला, पण यंदा तिघांनी वेळेत कोड दिले, चौथ्यांचा बलकांव अजून प्रायमरवरच आहे.