चाळिशीनंतर ताण, पोट आणि ताठरता: सुरुवात कुठून करायची

शिश्नाची ताठरता टिकेना किंवा कामेच्छा उरली नाही, की बरेच पुरुष थेट गोळी नाहीतर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन गाठतात. त्याआधी झोप आणि पोटाचा घेर बघा.

ताण रेंगाळला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढं राहतं. मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश त्यामुळे दबतो आणि टेस्टोस्टेरॉन घटतं. भूक मात्र वाढते आणि चरबी पोटाच्या आत, अवयवांभोवती साठते. याच चरबीतलं अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन करतं. मग स्नायू झडतात, पोट आणखी सुटतं. ऐन वेळची धास्ती वेगळी: घाबरल्यावर स्रवणाऱ्या अ‍ॅड्रिनलिनमुळे शिश्नातले स्नायू आवळतात आणि रक्त पुरेसं आत शिरत नाही.

घेर सकाळी उपाशीपोटी मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध पट्टी धरा, नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढू नका. पँटच्या मापावर तर अजिबात जाऊ नका. पट्टा पोटाखाली सरकत जातो आणि माप वर्षानुवर्षं तेच राहतं. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा, म्हणजे १७० सेंमी उंचीला ८५ च्या आत.

झोपेचं गणित सर्वात आधी सुधारा. आठवडाभर रोज ५ तासच झोपलेल्या निरोगी तरुणांचंही दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलेलं आढळलं आहे. किमान ७ तास झोपा, उठायची वेळ सुट्टीतही तीच ठेवा, दुपारी २ नंतर कॉफी नको. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या. तो तसाच राहिला तर बाकीची मेहनत निम्मी वाया जाते.

वजन आठवड्याला अर्धा किलोच्या वेगाने उतरवा. उपासमार केली तर शरीर तोही ताणच समजतं आणि टेस्टोस्टेरॉन उलट आणखी खाली येतं. आठवड्यातून चार दिवस ४० मिनिटं भरभर चाला: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतकं. दोन दिवस वजनं उचला किंवा बैठका, जोर काढा. ताठरतेतला फरक दिसायला सहा महिने लागू शकतात. बहुतेक जण दुसऱ्याच महिन्यात सोडून देतात, तिथेच घोडं अडतं. रात्री १० मिनिटं ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर, असं केलं की धडधड उतरते.

टेस्टोस्टेरॉन सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासा. ताप किंवा आजारपणात नको. वजन जास्त असेल तर एकूण आकडा मुळातच कमी दिसतो, म्हणून डॉक्टरांना फ्री टेस्टोस्टेरॉनबद्दल (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेल्या भागाबद्दल) विचारा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू बनणं मंदावतं, थांबूही शकतं. मूल हवं असेल तर या वाटेला जाऊ नका. कॉर्टिसॉलची चाचणी सरसकट कामाची नाही. मात्र पोटावर रुंद जांभळे पट्टे, सहज पडणारे काळेनिळे डाग, खुर्चीतून उठताना मांड्यांत त्राण नसणं, असं असेल तर ती करायलाच हवी.

पहाटेची ताठरता येते, पण जोडीदाराजवळ येत नाही, तर कारण बहुधा मनाचं. पहाटेचीही हळूहळू गेली असेल तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि हृदय तपासा. शिश्नातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे त्या आधी तुंबतात आणि हृदयविकाराची सूचना काही वर्षं आधी मिळू शकते. रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही ताठरता जाते. त्या मनाने बंद करू नका, बदलून मागा. छातीत दुखण्यावर नायट्रेट गटातलं औषध घेणाऱ्याने सिल्डेनाफिलला (व्हायग्रासारख्या ताठरतेच्या गोळीला) हातही लावू नये, रक्तदाब जीवघेणा कोसळतो.