लडाखचा नकाशा आणि कारभार एका कागदावर कसा मांडावा

लडाखच्या जिल्ह्यांची आणि तालुक्यांची नावं पाठ करून तिथला कारभार समजत नाही. आधी पाणी, मग खिंडी, मग गावं आणि सर्वांत शेवटी कचेऱ्या, या क्रमानं मांडत गेलात तर तो उलगडतो. कारण इथला बहुतेक प्रशासकीय तुकडा म्हणजे एखादं खोरं असतं.

ए-3 कागद आडवा ठेवा. प्रमाण 1 सेमीला 15 किमी. मध्याच्या जरा वर लेहचा ठिपका द्या (उंची सुमारे 3,500 मीटर). तिथून कारगिल 9 सेमी डावीकडे आणि 3 सेमी वर. द्रास 11 सेमी डावीकडे आणि 2 सेमी वर. झंस्कारमधलं पदुम सव्वाचार सेमी डावीकडे आणि 5 सेमी खाली, नुब्रा खोऱ्यातलं दिस्कित सरळ वर 3 सेमी, न्योमा साडेसहा सेमी उजवीकडे आणि 7 सेमी खाली.

आता निळ्या पेन्सिलीनं नद्या. सिंधू उजव्या खालच्या बाजूनं येते आणि लेहला खालून घासून वायव्येला जाते. झंस्कार नदी पदुमहून वर येऊन निम्मूला, म्हणजे लेहच्या डावीकडे दीड सेमीवर, सिंधूला मिळते. सुरू नदी पेन्सी ला या खिंडीच्या बाजूनं कारगिलकडे वाहते. हमखास चूक होते ती श्योकमध्ये. ही नदी आधी दक्षिणेला येते, लेहच्या उजवीकडे साडेतीन सेमीवर श्योक गावाजवळ कोपरा करून वळते आणि परत वायव्येला दिस्कितकडे जाते. सरळ रेघ मारलीत तर नुब्रा खोरं चुकीच्या जागी जाईल आणि पुढचं सगळंच बिघडेल. पँगाँग आणि त्सो मोरिरी या सरोवरांना नदी जोडू नका. त्यातून पाणी बाहेर पडत नाही, म्हणून ते मचूळ असतं.

खिंडी लाल रंगात: झोजी ला (3,528 मी), फोटू ला (4,108), पेन्सी ला (सुमारे 4,400), खारदुंग ला (5,359). 'ला' म्हणजेच खिंड, तेव्हा 'झोजी ला खिंड' असं लिहायची गरज नाही. खारदुंग लाच्या जुन्या फलकांवर 18,380 फूट दिसतं. तो आकडा घेऊ नका, तो मोजणीपेक्षा बराच जास्त आहे.

आता लेह ते पदुम पट्टीनं मोजा: साडेसहा सेमी, म्हणजे जेमतेम 100 किमी. पण कारगिलवरून पेन्सी ला ओलांडून जाणारा जुना रस्ता साडेचारशे किमीच्या आसपास भरतो. लेहच्या कचेरीपासून झंस्कार किती लांब होतं, ते या दोन आकड्यांतच कळतं. निम्मू-पदुम-दारचा (हिमाचल प्रदेश) हा 298 किमीचा रस्ता मार्च 2024 मध्ये जोडला गेला. तो तुटक रेघेनं दाखवा.

गावांचे ठिपके मोठ्या नदीच्या काठावर ओळीनं मांडू नका. लेहला वर्षाला सुमारे 100 मिमीच पाऊस पडतो. शेती चालते ती बर्फ वितळून येणाऱ्या नाल्यावर, आणि गाव वसतं ते नाल्याच्या तोंडाशी पंख्याच्या आकारात साचलेल्या गाळावर. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं हे पाहणारा चुरपोन गावातलाच असतो. इथला सर्वांत खालचा कारभार हाच, आणि कुठल्याही सरकारी तक्त्यात तो दिसत नाही.

आता कचेऱ्या. 31 ऑक्टोबर 2019 पासून लडाख केंद्रशासित प्रदेश आहे. विधानसभा नाही, वर उपराज्यपाल, लोकसभेची जागा एक. लेह (1995) आणि कारगिल (2003) अशा दोन स्वायत्त पर्वतीय विकास परिषदा आहेत. प्रत्येकीत 30 सदस्य, त्यांतले 26 निवडून आलेले आणि 4 नामनियुक्त. परिषदेचा राजकीय प्रमुख मुख्य कार्यकारी पार्षद. तिचा प्रशासकीय मुख्य अधिकारी मात्र जिल्ह्याचा उपायुक्तच. म्हणून स्थानिक विकासाचं काम परिषदेकडे, पोलीस मात्र उपराज्यपालांच्या प्रशासनाकडे, हा फरक कागदाच्या कडेला लिहून ठेवा. अर्ज चुकीच्या दारात जातो तो इथेच.

26 ऑगस्ट 2024 ला झंस्कार, द्रास, शाम, नुब्रा आणि चांगथांग या पाच नव्या जिल्ह्यांची घोषणा झाली. हिरव्या ठिपक्यांच्या रेघेनं त्यांना वेढा. शाम म्हणजे लेहपासून प्रवाहाच्या दिशेनं पुढची सिंधू, चांगथांग म्हणजे उगमाकडची सिंधू आणि सरोवरं. तुमची निळी खोरी तिथे आधीच काढलेली असतील.

आकडे भरताना जपा. 2011 च्या जनगणनेचे तक्ते दोनच जिल्ह्यांचे आहेत: लेह 1,33,487 आणि कारगिल 1,40,802. क्षेत्रफळ 45,110 आणि 14,036 चौ.किमी धरलं तर घनता 3 आणि 10 येते. काही पुस्तकांत ती याहून कमी दिसते, कारण तिथे अक्साई चीन धरून क्षेत्रफळ घेतलेलं असतं. भारताच्या अधिकृत नकाशात तर लेह जिल्ह्यात गिलगिटही येतं. भाजक कोणता घेतला ते आकड्याशेजारीच लिहा.

खिंडी कोणत्या महिन्यांत बंद असतात ते शिसपेन्सिलीनं टिपा, शाईनं नको. बर्फावर अवलंबून ते दरवर्षी पुढे-मागे होतं.