ग्राइंडरचं गार्ड काढू नका

फॅब्रिकेशनच्या दुकानात बघा, हातातल्या चार इंची ग्राइंडरला गार्ड, म्हणजे फिरत्या चकतीवरचं पत्र्याचं झाकण, क्वचितच दिसेल. 'मध्ये मध्ये येतं' म्हणून पहिल्याच दिवशी काढून टाकलेलं असतं. चकती फुटली तर तिचा तुकडा आणि तुमचं तोंड यांच्यामध्ये तेवढा एकच पत्रा असतो, हे लक्षात घ्या.

चकती बसवण्याआधी तिच्यावरचा आकडा वाचा. १०० मिमीच्या कटिंग चकतीवर साधारण १५,३०० आरपीएम (मिनिटाला जास्तीत जास्त इतके फेरे) छापलेलं असतं आणि मशीन ११,०००च्या आसपास फिरतं, म्हणजे जोडी जमली. मोठ्या मशीनची चकती गार्ड काढून छोट्यावर चढवणं म्हणजे आफत ओढवून घेणं. ती इतक्या वेगासाठी बनलेलीच नसते. मधल्या धातूच्या कडीवर बऱ्याचदा मुदतीची तारीखही असते, कारण चकतीतला चिकट रेझिन ओलाव्याने कमकुवत होतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर पडलेली चकती सरळ फेकून द्या. वीस-तीस रुपयांत नवी येते.

पातळ कटिंग चकतीने आडवं घासू नका. लाकडाचं दातेरी पातं तर ग्राइंडरला लावूच नका. ते अडकलं की मशीन उलटं अंगावर येतं.

नवी चकती लावल्यावर अर्धा मिनिट मोकळी फिरवा, तोंड बाजूला ठेवून. चकती बदलताना बटण बंद असणं पुरेसं नाही, प्लगच काढा. डोळ्यांना साधा नंबरचा चष्मा चालत नाही, बाजूनेही बंद असलेला गॉगल घ्या.