एन्केचा धूमकेतू: जानेवारी 2027मध्ये बेळगाव-खानापूर भागातून कसा पाहावा

एन्केचा धूमकेतू दर 3.3 वर्षांनी सूर्याजवळ येतो. पुढची फेरी 10 फेब्रुवारी 2027च्या सुमारास उपसूर्य बिंदू, म्हणजे कक्षेतली सूर्याच्या सर्वात जवळची जागा, गाठेल. पण त्या तारखेची वाट पाहिलीत, तर धूमकेतू हातचा जाईल. 1 फेब्रुवारीलाच तो सूर्यापासून जेमतेम 15 अंशांच्या आसपास असेल, म्हणजे संध्याकाळच्या उजेडात बुडालेला. खरी संधी जानेवारीतच, आणि आपल्याकडे तेव्हा आभाळ बहुधा कोरडं आणि मोकळं असतं.

7-8 जानेवारीच्या रात्री अमावास्या आहे. 1 ते 10 तारखेच्या संध्याकाळी राखून ठेवा. साडेसातला काळोख पूर्ण पडतो, तेव्हा धूमकेतू पश्चिमेला 35 अंशांच्या आसपास, म्हणजे हात लांब करून धरलेल्या साडेतीन मुठींइतका वर असतो. 11 तारखेला चंद्रकोर त्याच भागात येते, मग दोन आठवडे चांदणं. 25 ते 28 तारखेला काळोख परत मिळतो. धूमकेतू तोवर अधिक तेजस्वी झालेला असतो, पण 12-14 अंशांवर उतरलेला, हाती तासभरच.

जागा निवडताना एकच सूत्र: शहर पाठीशी हवं. बेळगावचा उजेड पूर्वेला राहील असं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचं उघडं माळरान उत्तम. जंगलाच्या हद्दीत रात्री थांबू नका, तिथे गवे आणि अस्वलं आहेत. चिकोडी-निपाणीकडे गळिताच्या हंगामात उसाचा पाला जाळतात. त्या धुराचा थर क्षितिजालगत बसतो आणि नेमका खालचा धूमकेतूच गिळतो. पहिला पंधरवडा म्हणूनही बरा.

धूमकेतू कुंभ राशीतल्या घड्याच्या आकाराच्या ताऱ्यांजवळ, भाद्रपदा चौकोनाच्या (चार ताऱ्यांच्या मोठ्या चौकटीच्या) नैऋत्येला सापडेल. नेमकी जागा स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहा, पण आधी त्यातली धूमकेतूंची कक्षामूल्यं (कक्षा ठरवणारे आकडे) ताजी करून घ्या. एन्केतून उडणारा वायू त्याला सतत हलका धक्का देत असतो, त्यामुळे जुन्या मूल्यांवर काढलेली जागा चुकते.

साधन म्हणून 10×50ची द्विनेत्री तिपाईवर बसवून वापरा; हातात धरली तर फिका डाग थरथरीत हरवतो. 6 किंवा 8 इंची दुर्बीण असेल तर सर्वात कमी वर्धनाची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावा. वर्धन वाढवलं की तोच प्रकाश पसरतो आणि डाग आभाळात विरून जातो. अंधारात 25-30 मिनिटं डोळे मुरू द्या. टॉर्चला लाल जिलेटीन गुंडाळा, मोबाइल खिशातच ठेवा.

मग अपेक्षित जागेच्या किंचित बाजूला बघा, तिरक्या नजरेनं. दुर्बिणीच्या नळीला बोटानं हलकी टिचकी मारा. हलणारा फिका डाग डोळ्याला चटकन कळतो. लांब शेपूट दिसेल ही आशा सोडा. एन्के म्हणजे कडा नसलेला, कापसाच्या पुंजक्यासारखा गोल.

तसेच गोल, धूसर दिसून फसवणारे दोघे आकाशाच्या त्याच बाजूला आहेत: एम 2 आणि एम 15 हे गोलाकार तारकागुच्छ. आधी मुद्दाम त्यांच्यावर सराव करा. खात्रीसाठी शेजारच्या ताऱ्यांसह रेखाटन करा आणि दोन-तीन रात्रींनी पुन्हा पाहा. तासाभरात सरक दिसणार नाही. पहिल्या पंधरवड्यात तो दिवसाला जेमतेम अंशाच्या पाव भागाएवढाच हलतो, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्मा.

तेजाची प्रत (तेज मोजायचा आकडा) काढायची तर धूमकेतू स्पष्ट असताना त्याचं तेज आणि आकार लक्षात ठेवा. मग प्रत माहीत असलेले तारे फोकस बिघडवून त्याच आकाराचे करा आणि तुलना करा. एक तारा किंचित जास्त, एक किंचित कमी तेजस्वी असा निवडा. धूमकेतूची प्रत त्या दोघांच्या मध्ये येते. नोंदीत तारीख, वेळ, साधन, वर्धन आणि गोलाचा व्यास हवाच. वेळ जागतिक लिहायची असेल तर घड्याळातून 5 तास 30 मिनिटं वजा करा. साडेसातची नोंद 14:00 होते.