झीब्रशमध्ये दगड घडवा, मग त्याचाच नदीकाठ रंगवा

झीब्रश हे संगणकावर त्रिमितीय शिल्प घडवायचं सॉफ्टवेअर. ते पहिल्यांदा उघडलं की बहुतेकांचं असंच होतं: कॅनव्हासवर गोल ओढला, फिरवायला गेलो, तर शेजारी दुसरा गोल उमटला. मग तिसरा. हा बिघाड नाही. १९९९ मध्ये सिग्राफ या संगणक-चित्रकलेच्या परिषदेत लोकांसमोर आलेलं हे सॉफ्टवेअर मुळात चित्राचा कागद आहे. फक्त त्याच्या प्रत्येक ठिपक्याला रंगासोबत खोली, पृष्ठभागाचा कल आणि मटेरियलही (पृष्ठभाग प्रकाशात कसा दिसतो ते) ठाऊक असतं. या ठिपक्याला पिक्सॉल म्हणतात.

कॅनव्हासचा आकार आधीच ठरवा, नंतर मोठा केल्याने बारकावे वाढत नाहीत. टूल पॅलेटमधून ‘स्फिअर थ्रीडी’ घ्या, ओढा आणि लगेच ‘टी’ दाबा. एडिट सुरू झालं, गोल हातात आला. जास्तीचे गोल कंट्रोल-एनने पुसा. मग ‘मेक पॉलीमेश थ्रीडी’ दाबा, म्हणजे गोल ब्रशने घडवता येतो. मूव्ह ब्रशने गोल वेडावाकडा ओढा, क्लेबिल्डअप ब्रशने थर चढवा, ऑल्ट धरून खोदा, शिफ्ट धरून गुळगुळीत करा. नदीतला गोटा हवा, तर हे शेवटचं काम सगळ्यांत जास्त.

रंगाआधी कंट्रोल-डी तीन-चारदा. दर वेळी पृष्ठभागाचे तुकडे चौपट होतात. ते हवेतच, कारण पॉलीपेंटचा, म्हणजे थेट मॉडेलवर ब्रशने दिलेला रंग तुकड्यांच्या कोपऱ्यांवर बसतो. कोपरे विरळ असले की रेघ पसरट दिसते. झेडअ‍ॅड (उंचवटा चढवणं) बंद, आरजीबी (रंग देणं) सुरू ठेवा. ‘फिल ऑब्जेक्ट’ने अस्तराचा रंग द्या, वर ब्रशने डाग टाका.

आता टूल पॅलेटमधून ‘सेव्ह अ‍ॅज’ कराच. नुसतं डॉक्युमेंट जतन केलं, तर चित्र राहतं, घडवलेला दगड नाही.

खरी मजा पुढे आहे. दगड फिरवा, लहान करा, शिफ्ट-एस दाबा: नक्कल कॅनव्हासवर उमटते, मूळ दगड हातातच राहतो. पुन्हा फिरवा, पुन्हा दाबा. एकाच दगडाचे पंधरा-वीस होतात. जिथे दोन एकमेकांवर येतात तिथे डोळ्याजवळचा भाग दिसतो, म्हणून ते एकमेकांत रुतलेले वाटतात. उमटलेला दगड आता फिरणार नाही. उठावशिल्पासारखी त्याला खोली आहे, पाठ नाही. तरीही लाइट पॅलेटमध्ये प्रकाशाची दिशा बदला, सगळ्या काठाची उजळ बाजू बदलते. फक्त मटेरियल ‘मॅटकॅप’ प्रकारचं नको, त्यात प्रकाश आधीच ठरलेला असतो. साध्या चित्रात हे पुन्हा रंगवावं लागलं असतं.

शेवटी ‘टी’ दाबून एडिट बंद करा. हातातला दगडही तिथेच उमटेल. थेट कॅनव्हासवर रंगवणारा सिंपलब्रश घ्या, आरजीबीसोबत झेडअ‍ॅड अगदी कमी ठेवा आणि हिरव्या रंगाने शेवाळ चढवा. प्रकाश पुन्हा हलवलात, तर शेवाळाचाही उंचवटा दिसेल. तो मनाजोगता झाला, की डॉक्युमेंट पॅलेटमधून एक्सपोर्ट करा.