शेवटचे चार बाइट: जुन्या बोर्डावर ऑपरेटिंग सिस्टम पोर्ट करताना

सीमधले पॉइंटर, लिंकर स्क्रिप्ट, क्रॉस-कंपायलर हे तुम्हाला येतं असं धरून लिहिते आहे. मी एक्सव्ही६ ही छोटी मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टम बीगलबोर्डवर पोर्ट केली, म्हणजे त्यावर चालेल अशी बदलून घेतली. एक्सव्ही६ एमआयटीत २००६ साली शिकवण्यासाठी लिहिली गेली, मूळ कोड एक्स८६ साठीचा. बीगलबोर्ड २००८ चा, त्यावर ओमॅप३५३० चिप आणि आत कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसर. काम शेवटी झालं. पण मधले सहा आठवडे असे गेले की तो बोर्ड हातात घेतला की आजही पोटात गोळा येतो.

जुना बोर्ड निवडलात म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका. ओमॅप३५ मालिकेचं मॅन्युअल तीन हजारांहून जास्त पानांचं आहे आणि ते कुणालाही वाचता येतं. चिपमधले दोष कधीच सापडून नोंदले गेलेले आहेत. नवख्या माणसाला याहून चांगली सोबत मिळत नाही.

सुरुवात सिरियलनंच करा. डिस्प्ले, यूएसबी, नेटवर्क सगळं नंतर. बीगलबोर्डवर रॅम हेक्समध्ये ८००००००० पासून आणि कन्सोलचा यूएआरटी३ (सिरियल पोर्ट चालवणारा चिपमधला भाग) हेक्समध्ये ४९०२०००० वर आहे. यू-बूटमधून (बोर्ड चालू होताच आधी चालणाऱ्या बूटलोडरमधून) स्वतःच्या कोडवर उडी मारायची आणि त्या पत्त्यावर एक अक्षर लिहायचं, एवढंच पहिल्या दिवसाचं काम. ते अक्षर टर्मिनलवर उमटलं की पुढचं सगळं जमण्यासारखं आहे. केबल मात्र जपून जोडा: मूळ बीगलबोर्डच्या सिरियल पोर्टवर आरएस-२३२ पातळी (बरंच जास्त व्होल्टेज) असते आणि रास्पबेरी पाय या दुसऱ्या छोट्या बोर्डाच्या पिनांवर ३.३ व्होल्ट. अदलाबदल केलीत तर रास्पबेरी पाय जळेल.

यूएआरटीचं घड्याळ, पिनांची जोडणी हे यू-बूटनं आधीच लावून ठेवलेलं असतं, हेही लक्षात ठेवा. तुमचा कोड त्याच्या जिवावर चालत असतो. कोणतं रजिस्टर त्यानं लावलं आणि कोणतं तुम्ही, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

आता मी जिथे अडकले तिथे येते.

मी एसडी कार्डाचा ड्रायव्हर डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता हार्डवेअरनं थेट रॅममध्ये लिहिणं) वापरून लिहिला. त्यातलं स्ट्रक्चर असं होतं: आधी चार बाइटांचं ‘स्टेटस’, मग ५१२ बाइटांचा बफर, मग चार बाइटांचा ‘डन’ फ्लॅग. इंटरप्ट (काम झाल्याचा हार्डवेअरचा इशारा) आला की हँडलर डन १ करतो, मुख्य कोड तोपर्यंत लूपमध्ये डन वाचत थांबतो. साधं, सरळ. पण कर्नल म्हणायचा, कार्डावर पार्टिशनच नाही. का ते कळावं म्हणून ट्रान्सफर सुरू केल्यावर लगेच एक प्रिंट टाकला, तर पार्टिशन सापडलं. प्रिंट काढला, पुन्हा गायब. मी कार्डं बदलली, पॉवर सप्लाय बदलला, कार्डाचं घड्याळ निम्म्यावर आणलं. फरक शून्य.

शेवटी प्रिंट आधी न टाकता नंतर टाकला आणि पूर्ण सेक्टर (कार्डावरून आलेला ५१२ बाइटांचा तुकडा) हेक्समध्ये छापला. ५०८ बाइट अगदी बरोबर. शेवटचे चार शून्य. पहिल्या सेक्टरच्या अगदी शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही खूण असते. ती नसेल तर पार्टिशन टेबल ग्राह्य धरत नाहीत. बफरचा पत्ता छापला, तो ४ वर संपत होता. तेव्हा उजेड पडला.

हे सावकाश वाचा. कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी. कॉर्टेक्स-ए८ मध्ये तिची एक लाइन ६४ बाइटांची असते आणि प्रोसेसर रॅममधून एक बाइट मागतो तेव्हा सगळी लाइन उचलून आणतो. माझं स्ट्रक्चर लाइनच्या सीमेवर सुरू होत होतं, त्यामुळे बफरचे शेवटचे चार बाइट आणि डन फ्लॅग एकाच लाइनीत पडले. ट्रान्सफरच्या आधी मी कॅश क्लीन (बदललेलं रॅममध्ये लिहिणं) आणि इनव्हॅलिडेट (कॅशमधली प्रत टाकून देणं) केली होती, ते बरोबरच होतं. पण पुढच्याच क्षणी लूपनं डन वाचला, आणि त्याच्याबरोबर ते चार बाइटही जुन्या शून्यांसकट कॅशमध्ये आले. डीएमए रॅममध्ये लिहितो, त्याला कॅशची खबर नसते. इंटरप्ट आला, डन १ झाला, मी बफर वाचला आणि प्रोसेसरनं कॅशमधली शून्यं हातात ठेवली.

मग प्रिंटनं काय केलं? सिरियलच्या सेकंदाला ११५२०० बिट या वेगाला एक अक्षर जायला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात. पन्नास अक्षरांची ओळ म्हणजे चार मिलिसेकंदांहून जास्त. तेवढ्यात सेक्टर रॅममध्ये येऊन पडलेला असे, डनला पहिला हात नंतर लागे, म्हणून लाइन ताजी येई.

शेवटी आणखी एकदा इनव्हॅलिडेट केलं की झालं, असं वाटेल. नाही. डनमधलं ताजं १ अजून कॅशमध्येच असू शकतं, तेही पुसलं जाईल. बरं, क्लीन केलं तर जुनी शून्यं रॅममधल्या खऱ्या बाइटांवर लिहिली जातील. लाइन सामायिक आहे तोवर सुटका नाही. सीमधलं व्होलाटाइलही इथे कामाचं नाही. ते कंपायलरला सांगतं, कॅशला नाही. उपाय एकच: बफर ६४ च्या सीमेवर ठेवा, त्याची लांबी ६४ च्या पटीत ठेवा, त्या लाइनींत दुसरं काहीही नको. आणि त्यानंतरसुद्धा ट्रान्सफर संपल्यावर पुन्हा इनव्हॅलिडेट करा, कारण आर्मव्ही७ मध्ये प्रोसेसर अंदाजानं आधीच डेटा वाचून ठेवू शकतो. पहिल्या रास्पबेरी पायच्या एआरएम११७६ मध्ये लाइन ३२ बाइटांची असते. म्हणून आकडा पाठ करू नका, प्रोसेसरच्या मॅन्युअलमध्ये बघा.

एक्स८६ वर हे हार्डवेअरच सांभाळतं. त्यामुळे तिथून आणलेल्या कोडमध्ये या काळजीचा मागमूसही नसतो. एम्युलेटरवर (बोर्डाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) विसंबू नका, असं मी ठासून सांगते ते याचमुळे: क्यूईएमयू कॅशचं अनुकरण करत नाही, तिथे हा बग जन्मात दिसणार नाही.

अडकले होते तेव्हा अनुभवी माणसानं मला सल्ला दिला, “तिथे थोडा डिले टाक.” टाकला. बग गेला. दोन आठवडे मी निर्धास्त होते, मग हळू चालणारं एक कार्ड लावलं आणि तो परत आला. का ते न सांगता डिले टाकायला सांगणारा मार्गदर्शक कितीही मोठा असो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. “मला माहीत नाही, चल मॅन्युअल उघडू” म्हणणारा भेटला तर त्याला सोडू नका.

तुमच्याकडेही प्रिंट टाकल्यावर बग नाहीसा होत असेल तर घाबरू नका, तुमचं डोकं ठिकाणावर आहे. डेटा कॅश पूर्ण बंद करून एकदा चालवा. सगळं संथ होईल, पण तेवढ्यानं बग गेला तर संशय कॅशवर घ्या आणि डीएमएला दिलेल्या प्रत्येक बफरचा पत्ता व लांबी छापा. माझ्या ड्रायव्हरमध्ये असे आणखी दोन बफर निघाले, त्यातला एक स्टॅकवर होता.