ऐकले, समजले, मान्य आहे : जहाजावर पहिल्यांदा जाणाऱ्या कॅडेटसाठी

मर्चंट नेव्हीत कॅडेट म्हणून पहिल्यांदा जहाजावर येणाऱ्या मराठी मुलामुलींचे इंग्रजी सहसा वाईट नसते. त्यांनी अभ्यास इंग्रजीतून केलेला असतो, परीक्षा इंग्रजीतून दिलेल्या असतात, आणि तरीही ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातल्या, सुरुवातीच्या दिवसांत ती अडतात ती स्वतःहून बोलताना नव्हे, तर दुसऱ्याच्या बोलण्याला उत्तर देताना. डेक ऑफिसर म्हणून माझ्या वॉचवर, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीत, आलेल्या जवळजवळ प्रत्येक कॅडेटला मला एकच गोष्ट सांगावी लागली आहे : ऐकू आले, समजले, करतो आणि पटले या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि कामाच्या इंग्रजीत त्या निरनिराळ्याच सांगाव्या लागतात. घरी वडीलधाऱ्यांसमोर मान हलवून ‘हो’ म्हटले की चारही एकदम उरकतात, कारण आपल्या चेहऱ्यावरून आणि आवाजावरून त्यांना बाकीचे कळते. रात्रीच्या वॉचला ब्रिजवर मुद्दाम अंधार ठेवलेला असतो. त्यात कॅप्टन एका देशाचा, पायलट, म्हणजे बंदराजवळ जहाजाला वाट दाखवणारा, दुसऱ्या देशाचा आणि सुकाणूवरचा खलाशी तिसऱ्याच देशाचा असतो, तेव्हा हललेली मान कोणालाच दिसत नाही.

याचा सर्वांत चांगला धडा सुकाणूवरच मिळतो, म्हणून कॅडेटने पहिल्या संधीला तिथे उभे राहून नीट ऐकावे. पायलट ‘स्टारबोर्ड टेन’, म्हणजे सुकाणू उजवीकडे दहा अंश, असे म्हणतो. खलाशी लगेच तेच शब्द म्हणतो, ‘स्टारबोर्ड टेन’, आणि चाक फिरवतो; पण त्याचे काम तिथे संपत नाही. समोरच्या रडर इंडिकेटरचा काटा दहावर येईपर्यंत तो पाहत राहतो आणि काटा तिथे आला की पुन्हा म्हणतो, ‘स्टारबोर्ड टेन’. त्यावर पायलटही त्याला पोच देतो. पहिल्या वेळच्या शब्दांचा अर्थ हुकूम बरोबर ऐकला असा, दुसऱ्या वेळच्या त्याच शब्दांचा अर्थ हुकूम अमलात आला असा. कोर्स दिला तर आकडे सुटे म्हणायचे, ‘स्टिअर वन एट टू’, आणि जहाज त्या दिशेवर स्थिर झाले की ‘स्टेडी ऑन वन एट टू’ असे कळवायचे. या जागी नुसते ‘येस सर’ म्हणणारा नवा मुलगा आपल्या मते अदबीने वागत असतो, परंतु त्याने पोर्ट, म्हणजे डावीकडे, ऐकले की स्टारबोर्ड, हे त्या ‘येस सर’मधून कोणालाही कळत नाही, आणि ते कळण्यासाठीच उत्तर हवे असते.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, 2001 मध्ये समुद्रावरील संभाषणासाठी ठरावीक इंग्रजी वाक्प्रयोगांचा संच स्वीकारला. जहाजावर सगळे त्याला एसएमसीपी म्हणतात. कॅडेट तो परीक्षेपुरता पाठ करतात आणि विसरतात, याचे मला वाईट वाटते, कारण आपल्या सवयींवरचा नेमका उपाय त्यात आहे. त्यात म्हटले आहे की उत्तर होकारार्थी असेल तर ‘येस’ म्हणून पुढे पूर्ण वाक्य म्हणावे, आणि नकारार्थी असेल तर ‘नो’ म्हणून पूर्ण वाक्य म्हणावे. हा नियम आपल्यासाठी किती मोलाचा आहे, ते नकारार्थी प्रश्न आला की दिसते. चीफ मेट, म्हणजे कॅप्टनखालचा मुख्य डेक अधिकारी, वॉकी-टॉकीवर विचारतो, ‘इज द पायलट लॅडर नॉट रेडी?’ पायलटला जहाजावर चढण्यासाठीची शिडी अजून तयार नसते. मराठी मनात उत्तर तयार होते, ‘हो, नाही झाली’, आणि तोंडातून ‘येस’ बाहेर पडते. ऐकणारा समजतो की शिडी तयार आहे, आणि पायलटची बोट जवळ येत असते. इंग्रजीत येथे प्रश्नाच्या रूपाकडे न पाहता वस्तुस्थितीकडे पाहून उत्तर द्यायचे : ‘नो, पायलट लॅडर इज नॉट रेडी.’ पूर्ण वाक्याची सवय असेल तर सुरुवातीचा शब्द चुकला तरी पुढचे शब्द त्याला सावरून घेतात.

अर्धवट होकार किती महाग पडतो, याचे उदाहरण विमानांच्या जगातले आहे, पण ते प्रत्येक कॅडेटला माहीत असावे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात धावपट्टीवर दोन जंबो जेट विमानांची टक्कर झाली आणि 583 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी केएलएम कंपनीच्या विमानाच्या वैमानिकाने ‘वुई आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ’ असे कळवले होते. नियंत्रकाने आधी ‘ओके’ म्हटले आणि मग थांबायला सांगितले. परंतु त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही रेडिओवर बोलायला सुरुवात केल्यामुळे पुढचे शब्द केएलएमच्या कॉकपिटमध्ये नीट पोहोचलेच नाहीत. स्पष्ट ऐकू आले ते फक्त ‘ओके’. अपघाताची इतरही कारणे होती, पण त्यानंतर हवाई संभाषणातले ठरावीक शब्द आणि परवानगी परत म्हणून दाखवण्याचा नियम अधिक काटेकोर झाला. जहाजाच्या व्हीएचएफ रेडिओवर बोलताना ‘ओके’ हा शब्द मी स्वतः वापरत नाही आणि माझ्या कॅडेटना वापरू देत नाही.

आता व्याकरणाचे थोडेसे. ‘मला समजते आहे’ या वळणावर ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ आणि ‘मी सहमत आहे’ या वळणावर ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ अशी वाक्ये आपल्याकडून सहज होतात. बरोबर रूपे साधी आहेत : ‘आय अंडरस्टँड’ आणि ‘आय अ‍ॅग्री’. माणसाशी किंवा मताशी सहमत असाल तर ‘अ‍ॅग्री विथ’, प्रस्तावाला मान्यता देत असाल तर ‘अ‍ॅग्री टू’, आणि दोघांनी मिळून वेळ किंवा तारीख ठरवली असेल तर ‘अ‍ॅग्री ऑन’. कोणी काही समजावून सांगत असताना ‘आय नो’ म्हटले तर मला हे आधीच ठाऊक आहे असा त्याचा सूर लागतो. नवीन माहिती कळल्याची पोच ‘आय सी’ने द्यावी. ‘ऑफ कोर्स’ही जपून वापरावे, कारण विनंतीला ते गोड उत्तर असले तरी माहिती विचारणाऱ्याला ‘एवढेही कळत नाही का’ असे ऐकू येऊ शकते.

न समजणे आणि न पटणे यांकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते, कारण तिथे भाषेबरोबर संस्कारही आड येतात. ऐकू आले नसेल तर ‘से अगेन’ म्हणावे. पुन्हा विचारल्याने कोणी लहान होत नाही. शंका विचारताना ‘आय हॅव अ डाउट’ म्हणू नये, कारण परदेशी अधिकाऱ्याला तुम्ही त्याच्या सांगण्यावर अविश्वास दाखवत आहात असे वाटू शकते. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ पुरेसे आहे. काम जमणार नसेल तर ‘आय विल ट्राय’ म्हणून वेळ मारून नेऊ नये. आपण नम्रपणे नकार सुचवलेला असतो आणि चीफ मेटने ते काम झाल्यात जमा धरलेले असते. ‘आय विल’ किंवा ‘आय कॅनॉट’, आणि लगेच कारण, एवढेच म्हणावे.

एखादा हुकूम समजला पण धोकादायक वाटला, तर दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात वेगळ्या करून सांगता येतात : ‘आय अंडरस्टँड, सर, बट द फिशिंग बोट ऑन द पोर्ट बो इज व्हेरी क्लोज.’ समजल्याची पोच आधी गेल्यामुळे हे बोलणे उद्धट वाटत नाही आणि हरकतही स्पष्टपणे नोंदवली जाते. एसटीसीडब्ल्यू या जहाजावरील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या 2010 च्या मनिला सुधारणांनी वॉचवरच्या अधिकाऱ्याकडून असा ठामपणा अपेक्षित धरला आहे, त्यामुळे कॅप्टनला धोका दाखवणे हा आगाऊपणा नसून नोकरीचाच भाग आहे. कॅडेटनेही ही सवय पहिल्या जहाजापासून लावून घ्यावी.

कागदावरही हेच भान ठेवावे लागते. ई-मेलला ‘नोटेड’ असे उत्तर दिले तर मजकूर वाचल्याची ती पोच होते. त्याप्रमाणे करणार असाल तर ‘नोटेड अँड विल कम्प्लाय’ लिहावे. बंदरात टर्मिनलचा माणूस लेटर ऑफ प्रोटेस्ट घेऊन येतो आणि सही मागतो. त्यातील तक्रार आपल्याला मान्य नसली तरी पत्र मिळाल्याची सही नाकारण्याचे कारण नसते, म्हणून मुरलेले कॅप्टन आणि चीफ मेट सहीच्या वर ‘फॉर रिसीट ओन्ली’ असे लिहितात किंवा त्याचा शिक्का मारतात. कार्गो ऑफिसमध्ये चीफ मेटसोबत बसण्याची संधी मिळाली, तर कोणत्या कागदावर तो हे शब्द लिहितो आणि कोणत्या कागदावर नुसती सही करतो, ते पाहून ठेवावे आणि त्याला मोकळा वेळ असेल तेव्हा कारण विचारून घ्यावे.